चार स्टार आणि दोन कूलर

मे महिन्यात बीड शहरात कुणी सिनेमाला निघालं की त्याला ‘हिरो कोण आहे?’ असं कुणी विचारत नाही. ‘कूलर चालायलाय का?’ असं विचारतात. प्रश्न साधा आहे. पण वर्तमानपत्रांतल्या यच्चयावत समीक्षकांना तो आजवर सुचलेला नाही. ही मंडळी पटकथेला एक स्टार, छायाचित्रणाला दीड, संगीताला अर्धा अशी भावकीतल्या वाटणीसारखी चांदण्यांची वाटणी करत बसतात. बाहेर पारा बेचाळीसवर गेलेला असताना आत तो किती होता, खुर्ची कूलरपासून किती लांब होती आणि मध्यंतरात कूलरमध्ये पाणी ओतलं की नाही, याबद्दल परीक्षणात चकार शब्द नसतो. असल्या परीक्षणाच्या भरवशावर भर दुपारी घराबाहेर पडायचं कुणी?

मी सिनेमातला जाणकार नाही. कॅमेरा कुठून लावला होता, उजेड कुठून सोडला होता, यातलं मला काही कळत नाही. मी उन्हाळी प्रेक्षक आहे. अक्षय्य तृतीयेच्या आसपास उगवतो आणि मृगाचा पहिला शिडकावा झाला की थेट पुढच्या वर्षापर्यंत गायब होतो. ‘अवतार’चा दुसरा भाग १६ डिसेंबर २०२२ ला आला, ‘पुष्पा’चा दुसरा ५ डिसेंबर २०२४ ला. दोन्ही म्हणे फार मोठे सिनेमे. असतील. पण डिसेंबरात पैसे मोजून गारठा विकत घ्यायचा म्हणजे सासुरवाडीला स्वतःचा डबा नेण्यातला प्रकार. आपल्याला जमत नाही.

या क्षेत्रातले माझे गुरू म्हणजे आमच्या गल्लीतले बाप्पा. आमच्याकडं वडीलधाऱ्या, वजनदार माणसाला बाप्पा म्हणतात. त्यासाठी गणेश चतुर्थी लागत नाही. बाप्पांची हयात एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली, त्यामुळं त्यांची समीक्षा तिकिटापासून सुरू होते. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात. बाप्पांनी तेच गणित सिनेमाला लावलं आहे : सहा मिनिटांचा एक टप्पा. तिकिटाच्या पैशाला टप्पे किती आणि त्यातले गार हवेतले किती, एवढं पाहायचं. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ २६ एप्रिल २०१९ ला लागला, तेव्हा त्याची लांबी १८१ मिनिटं आहे म्हणून मुंबई-पुण्यातली माणसं कुरकुरत होती. बाप्पांनी हिशेब केला. “तीस टप्पे झाले की रं, आन् वर एक मिनिट सुट्टं. लांबपल्ल्याची गाडी हाय ही. पानी घेऊन बसायचं.”

गोष्ट काय होती, असं मी नंतर विचारलं. सिनेमा संपला तेव्हा बाहेर ऊन उतरलेलं होतं, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. यापेक्षा अनुकूल अभिप्राय मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

या दृष्टिकोनाला कुणी गावंढळ म्हणेल, म्हणून जरा इतिहास सांगतो. अमेरिकेतसुद्धा पूर्वी उन्हाळ्यात थिएटरं ओस पडायची, कित्येक तर चक्क कुलूप लावून मोकळी व्हायची. कोंदट हॉलमध्ये घामाघूम होऊन प्रेम कोण बघणार? मग १९२५ च्या मे महिन्याअखेरीस विलिस कॅरियर नावाच्या इंजिनिअरानं न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात हवा थंड करणारं यंत्र बसवलं. लोक सवयीनं हातपंखे घेऊन आले होते. हळूहळू हॉल गार होत गेला, तसतसे एकेकाच्या हातातले पंखे थांबत गेले. पॅरामाउंटचे प्रमुख अ‍ॅडॉल्फ झुकॉर त्या दिवशी जातीनं हजर होते आणि पडद्याऐवजी पंख्यांकडं बघत होते, असं मला वाटतं. मी असतो तर मी तेच केलं असतं. उन्हाळा हा सिनेमाचा हंगाम झाला तो अशा रीतीनं. आधी गारवा आला, महान दिग्दर्शक मागाहून आले. बाप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान डोलावली. अमेरिकेला उशिरा का होईना समजलं, असा त्या मानेचा अर्थ होता.

पुढं पन्नास वर्षांनी, २० जून १९७५ ला, स्पीलबर्गचा ‘जॉज’ एकाच दिवशी अमेरिकेतल्या ४०९ थिएटरांत लागला आणि ‘उन्हाळी ब्लॉकबस्टर’ हा धंदा खऱ्या अर्थानं बांधला गेला. गोष्ट अशी की समुद्रात एक मोठा शार्क मासा आहे, तो पोहणाऱ्या माणसांना खातो, म्हणून लोक पाण्यात उतरायला घाबरतात. आता ही भीती आमच्यापर्यंत पोचवायची कशी? मे महिन्यात बिंदुसरेच्या पात्रात माणसानं पाय ठेवला तर घोट्यालासुद्धा ओल लागत नाही. पाण्यात काय आहे याची धास्ती वाटायला आधी पाणी हवं. बाप्पांनी पडद्यावरचा तो अथांग समुद्र पाहून एकच शंका काढली. “एवढं पानी हाय, तर ह्यांना एक मासा सहन होईना?”

इंग्रजी उन्हाळी सिनेमांचं माझं खरं दुखणं वेगळंच आहे. जगाचा अंत दर वर्षी होतो आणि दर वर्षी तो न्यूयॉर्कलाच होतो. परग्रहावरची तबकडी आजवर पाटोद्याला उतरलेली नाही. शिरूर कासारवर उल्का पडत नाही. धारूरच्या किल्ल्यावर, चांगला डोंगरी किल्ला असूनही, एकाही राक्षसानं दावा सांगितला नाही. अनुशेष अनुशेष म्हणतात तो हाच. मराठवाड्याला संकटंसुद्धा गावठीच मिळतात : गारपीट, बोंडअळी, अवकाळी आणि बँकेची नोटीस. यांतल्या एकाशीही लढायला अंगाला चिकटलेला पोशाख घातलेला माणूस येत नाही. येतो तो तलाठी, आणि तो पंचनामा करून जातो.

नाही म्हणायला एक इंग्रजी सिनेमा असा आहे, की जो बाप्पांनी सामाजिक चित्रपट म्हणून पाहिला. जॉर्ज मिलरचा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’. हा २०१५ च्या मे महिन्यात आला होता. आदल्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला होता आणि आमच्याकडं टँकर सुरू झाले होते. बाप्पांना तो बऱ्याच उशिरा नातवानं मोबाइलवर दाखवला. सगळीकडं वाळवंट. उंच कड्यावर एक भयंकर मुखवट्याचा पुढारी उभा. खाली हजारो माणसं भांडी घेऊन वर बघतायत. तो दांडा ओढतो, धो धो पाणी पडतं, माणसं एकमेकांच्या अंगावर तुटून पडतात, आणि लगेच तो पाणी बंद करतो. वर उपदेश करतो की बाबांनो, पाण्याच्या आहारी जाऊ नका, सवय वाईट. जगभरच्या समीक्षकांनी या प्रसंगाला भविष्यातल्या जगाचं अंगावर येणारं कल्पनाचित्र म्हटलं. सिनेमाला सहा ऑस्कर मिळाली.

बाप्पांनी मोबाइल थांबवला आणि तो प्रसंग परत लावायला सांगितला. मग चष्मा पुसून म्हणाले, “ह्यो खलनायक कसा काय? वार्डातल्या समद्यांना एकाच टायमाला सोडायलाय की. आपल्याकडं आठ-आठ दिसाला नळ येतोय आन् त्यातबी वरच्या गल्लीला येत न्हाई. आन् भाषनबी बारकंच हाय बिचाऱ्याचं.”

सिनेमा पाहून माणसं काय करतील याचा नेम नाही, हे २०२५ मध्ये साऱ्या देशानं पाहिलं. ‘छावा’ लागला आणि थोड्याच दिवसांत बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलांचं सोनं खणायला लागले. चाळण्या घेऊन माती चाळत होते. मला त्यांचं नवल वाटलं नाही, हेवा वाटला. आमच्या आष्टी-पाटोद्याकडं माणसं कुठलाही सिनेमा न बघता जमीन खणतात. शेकडो फूट बोअर खाली जातो, फुफाटा वर येतो, गाडीवाला पुढच्या पाइपाचे पैसे आधी मागतो. तिथं शंभू राजांचा पराक्रम ऐकून खणणारे वेडे ठरतात आणि इथं पाणाड्याच्या नारळावर विसंबून खणणारे शेतकरी.

आता या सगळ्यात एक सिनेमा मात्र आमचा हंगाम ओळखून आला. ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६. त्या एप्रिलचं वर्णन करायचं तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली तेव्हा दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं आणि फोटो काढणारे त्याहून जास्त. बिंदुसरा धरण कोरडं पडलं होतं. माजलगाव धरणात मृतसाठा होता. अशा वेळी करमाळ्याच्या नागराज मंजुळ्यांनी पडद्यावर एक विहीर दाखवली. तुडुंब भरलेली. पोरं वरून उड्या मारतायत, पाणी कडेवर उसळतंय. सगळा महाराष्ट्र आर्चीकडं बघत होता. आमच्या रांगेतल्या एका शेतकऱ्याची नजर विहिरीच्या कडेवरून हलेना. शेवटी त्यानं शेजाऱ्याला विचारलंच : “परस किती असंल हो?” त्यानंतर आर्चीनं ट्रॅक्टर चालवला, बुलेट चालवली, अजय-अतुलनी लॉस एंजेलिसच्या वादकांकडून वाजवून घेतलेलं संगीत आलं, पण तो विहिरीतून बाहेर आला नाही.

‘सैराट’ १७४ मिनिटांचा. बाप्पांच्या भाषेत बरोबर एकोणतीस टप्पे, सुट्ट्याची भानगड नाही. अठ्ठावीस टप्पे लोकांनी शिट्ट्या मारल्या. ‘झिंगाट’ला पडद्यापुढं नाचले. शेवटच्या टप्प्यात असा आवाज बंद झाला की कूलरची घरघर ऐकू यायला लागली. बाहेर पडताना कुणी कुणाशी बोललं नाही, हे खरं. आणि महिनाभरात त्याच माणसांच्या घरच्या वरातींत ‘झिंगाट’ वाजलं, मुलीचं लग्न जातीतच ठरवलेलं होतं, हेही खरं. सिनेमाचा समाजावर परिणाम होतो असं म्हणणाऱ्यांनी गाण्यापुरतं बोलावं.

‘सैराट’ चालला याचं एक कारण मुंबईच्या वितरकांना अजून उमगलेलं नसावं. त्यांच्या लेखी उन्हाळा म्हणजे शाळेच्या सुट्ट्या. आमच्या लेखी उन्हाळा म्हणजे माणसं घरी असणं. या जिल्ह्यातून लाखोंनी माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. मुक्काम कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर थेट कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलपासून परत. म्हणजे दिवाळीला खान येतो तेव्हा आमचा प्रेक्षक उसाच्या फडात असतो. नाताळचा सिनेमा तो कोपीत बसून, वाढं बांधता बांधता, पोराच्या मोबाइलवर तुकड्या-तुकड्यानं बघतो. गावात, खुर्चीवर, दोन्ही पाय पसरून सिनेमा बघायला त्याला फक्त उन्हाळा मिळतो. त्यातही उचल फिटली असेल तर. फिटली नसेल तर पुढच्या हंगामाची उचल घेऊन बघतो. ‘सिक्वेल’ हा प्रकार हॉलीवूडनं शोधला असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मुकादमाची वही बघावी. पहिला भाग संपायच्या आत दुसरा तयार असतो.

दाक्षिणात्य सिनेमांबद्दल बोलल्याशिवाय उन्हाळा पुरा होत नाही. १४ एप्रिल २०२२ ला ‘केजीएफ’चा दुसरा भाग आला आणि आमच्याकडच्या केशकर्तनालयांवर आर्थिक संकट ओढवलं; पोरांनी दाढीच करायची सोडली. या सिनेमांत नायक चालायला लागला की मागं वीस गाड्या चालतात. तो सिगारेट ओढतो, पोलीस ठाणं ढासळतं. तोंडानं एक वाक्य बोलतो आणि त्या वाक्याचं पोस्टर पुढच्या आठवड्यात चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांसह लागतं, फक्त नायकाच्या जागी भावी नगरसेवक.

इथं जरा थांबतो. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्याचं नाव महिनोन्‌महिने टीव्हीवर राहिलं. त्यावर या सदरात विनोद होणार नाही. एवढंच नोंदवतो की पुढच्या उन्हाळ्यात पडद्यावर काळ्या काचांची गाडी धुरळा उडवत आली, दार उघडलं, बूट खाली टेकला, संगीत टिपेला पोचलं, आणि जिथं दर वेळी नाणी उधळली जायची तिथं या वेळी चार-दोन पोरं सोडली तर फारसं कुणी ओरडलं नाही. सिनेमा वाईट नव्हता. बाप्पा मात्र मध्यंतराला उठले ते परत आलेच नाहीत. बारा टप्पे वाया घालवणारा हा माणूस नव्हे.

मध्यंतराचा विषय निघालाच आहे तर पॉपकॉर्नबद्दल. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद बसली आणि तिनं देशाला समजावून सांगितलं की सुटं खारं पॉपकॉर्न असेल तर ५ टक्के, पाकीटबंद असेल तर १२ आणि साखरेच्या पाकातलं असेल तर १८ टक्के. मक्याच्या एका दाण्यावर एवढं मूलगामी चिंतन यापूर्वी झालेलं नव्हतं. ज्या जिल्ह्यात ज्वारीच्या लाह्या घरोघरी फुटतात तिथल्या माणसाला मक्याच्या लाहीचे एवढे पैसे का द्यायचे हेच आधी कळत नाही, तिथं टक्क्यांचं काय घेऊन बसलात. बाप्पा पायजम्याच्या खिशातून भत्त्याची पुडी आत नेतात. एकदा दारावरच्या पोरानं अडवलं. “काका, बाहेरचं खायचं आत चालत नाही.” बाप्पा म्हणाले, “बाहेर कुठंय? खिशात हाय.” पोरगा विचार करत राहिला तोवर बाप्पा पुडी सोडून जागेवर बसलेसुद्धा.

विजेचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. पडदा ऐन मारामारीत काळा पडतो. जनरेटर सुरू होतो, चित्र परत येतं, कूलर येत नाही. जनरेटरवर कूलर चालवायचा नाही असा मालकाचा दंडक. आम्ही कोणत्या जिल्ह्यात बसलो आहोत? परळीच्या. जिथल्या वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर आम्ही खातो. ते औष्णिक केंद्रही २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद पडलं होतं. म्हणजे पाऊस नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून कूलर नाही. आणि कूलर असता तरी त्यात ओतायला पाणी नाही. एवढी घट्ट पटकथा मी कुठल्याच सिनेमात पाहिलेली नाही.

२०२५ च्या उन्हाळ्याचं तर विचारूच नका. अख्खा मे अवकाळीत वाहून गेला. आयुष्यात पहिल्यांदा थिएटरपेक्षा बाहेर गार होतं आणि माझ्यासारख्या प्रेक्षकाचा पायाच उखडला. त्यातच ६ जूनला ‘हाऊसफुल ५’ आला, तो दोन शेवट घेऊन. एका पडद्यावर खुनी एक, दुसऱ्या पडद्यावर दुसराच. दोन्ही बघायचे तर दोन तिकिटं. बाप्पांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एकाच गाडीचे दोन बोर्ड लावायले व्हय? पाशिंजर मारंल की.” आणि घरीच राहिले.

तशी या जिल्ह्यात खरी ब्लॉकबस्टर एकच होती आणि तिला उन्हाळ्याचा मुहूर्त सापडला नाही. १९९५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. ऑक्टोबरात ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ लागला, ज्यात शेवटी गाडी सुटते, नायक दारातून हात पुढं करतो, नायिका फलाटावरून धावत येते. आणि त्याच वर्षी नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटर रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली. तो सिनेमा मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षं चालू राहिला. इकडं बीडकरांनी तीस वर्षं हात पुढं करून ठेवला, फक्त गाडी नव्हती आणि फलाटही. दर निवडणुकीला ट्रेलर यायचा. कलाकार बदलायचे, दिग्दर्शक बदलायचे, संवाद तेच. ‘बाहुबली’ला कटप्पानं का मारलं याचं उत्तर प्रेक्षकांना दोन वर्षांच्या आत मिळालं, जुलै २०१५ चा प्रश्न एप्रिल २०१७ मध्ये सुटला. आमच्या प्रश्नासाठी माणसं ताटकळून वारली.

अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरकडं गाडी सुटली. बाप्पा इस्त्रीचा पायजमा घालून गेले. संध्याकाळी पारावर भेटले.

“कशी वाटली, बाप्पा?”

“गाडी झ्याक हाय. गर्दी बी लई. पर इंटरव्हल बीडलाच केलाय लेकायनी. परळीपतुरचा पार्ट कुठंय?”

“काम चालू आहे म्हणतात. होईल लवकर.”

“व्हईल, व्हईल,” बाप्पा म्हणाले. “नातवाच्या पोराचं अर्धं तिकीट काढून ठिव म्हनावं. मपलं फुल कशाला वाया घालवायलाय? मला एसटी फुकट हाय.”